माझी जाळी कुणी काढली?

मित्रांनो, सगळ्यात आधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो. मी बोटे खात नाही.

परवा तुमच्यापैकीच कुणीतरी कुंपणाच्या फटीतून मला दगड मारला आणि "बोटेखाऊ! बोटेखाऊ!" असे ओरडत पळून गेले. दगडाचे मला काही वाटले नाही, माझे अंग ओतीव लोखंडाचे आहे. पण तो शब्द मात्र लागला. म्हणून म्हटले, या मुलांना जवळ बसवावे आणि काय झाले ते पहिल्यापासून सांगावे. बोलता बोलता माझा आवाज चढला तर घाबरू नका. राग तुमच्यावर नाही.

मी एक प्रेस आहे, आता जुना झालेला. कपड्यांना इस्त्री करणारा नव्हे आणि वर्तमानपत्र छापणाराही नव्हे. मी पत्र्याला आकार देणारा. माझ्या पोटात खाली एक साचा असतो, त्याला कारखान्यात 'डाय' म्हणतात. वरून जड पोलादी ठोकळा येतो. दोहोंच्या मध्ये पत्रा ठेवायचा, ठोका पडला की पत्र्याचे बिजागरीचे पान होते. तुमच्या घराचे दार आवाज न करता उघडते ना? त्या बिजागऱ्या कदाचित माझ्या पोटातून आलेल्या असतील.

ज्यांनी मला घडवले ते शहाणे होते. त्यांना ठाऊक होते की ठोकळ्याला डोळे नसतात. पत्रा कोणता आणि माणसाचा हात कोणता, हे मला कळत नाही. शिवाय माझे मोठे चाक एकदा सुटले की ठोका अर्ध्यावर थांबवणे माझ्या हाती नसते. म्हणून त्यांनी मला जन्मतःच दोन गोष्टी दिल्या. पोटासमोर तारेची जाड जाळी बसवली. तिच्या खालच्या फटीतून पत्रा आत जाई, हात जात नसे. आणि छातीवर दोन बाजूंना दोन बटणे लावली, एकमेकांपासून चांगली हातभर लांब. दोन्ही एकदम दाबली तरच ठोका पडे. म्हणजे ठोकळा खाली येताना माणसाचे दोन्ही हात बाहेर, बटणांवर, सुखरूप.

कारखान्यात मला जमिनीवर पक्के बसवले ते फिटरकाकांनी. कानावर पेन्सिल, खिशात चिंधी आणि तोंडात कायम कुणाला तरी दटावणी. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना माझ्याभोवती उभे केले आणि म्हणाले, "हे मशीन मेहनती आहे, पण आंधळं आहे. ही जाळी म्हणजे याचे डोळे. जो जाळीला हात लावेल त्याची माझ्याशी गाठ आहे."

मला तेव्हा फार बरे वाटले होते. आपल्याला ओळखणारे कुणीतरी आहे असे वाटले.

माझ्यावर कामाला बसत त्या बाईंना सगळे 'थोरली' म्हणत. कारण पलीकडच्या प्रेसवर त्यांची जाऊ होती, ती 'धाकटी'. दोघी एकाच घरातून एकत्र येत, एकाच डब्यातले खात आणि एकमेकींच्या नवऱ्यांच्या घोरण्याची नक्कल करून अख्ख्या शेडला हसवत. थोरलीचा हात असा बसलेला होता की पत्रा ठेवताना तिला बघावे लागत नसे. दिवसाला चार-चार हजार ठोके. मालक पाहुण्यांना घेऊन येत आणि माझ्या खांद्यावर थाप मारून सांगत, "हा आमचा सगळ्यात कामसू!" मी मनातून फुलून जाई. थोरली माझ्यासमोरच उभी असे. तिच्याकडे मात्र कुणी बोट दाखवत नसे. हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही, याची मला आज लाज वाटते.

काम तेव्हाही सोपे नव्हते बरे का. माझा प्रत्येक ठोका जमिनीतून तिच्या टाचेत शिरे आणि टाचेतून दातापर्यंत जाई. उजवा खांदा उतरला. कान गेला. धाकटी काही कुरकुरली की थोरली म्हणे, "माझ्याशी भांडायचं असेल तर डाव्या बाजूला ये बाई. उजवा कान केव्हाच रिटायर झालाय." सगळ्या बायका हसत. मग ती हळूच सांगे की घरी मुलगी हाका मारून थकते, आणि शेवटी येऊन तिचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवते, तेव्हा कुठे तिला कळते.

तरीही ती चार वर्षे दहाच्या दहा बोटे घेऊन घरी गेली. कारण जाळी होती.

पाचव्या वर्षी मोठी ऑर्डर आली. मालक वरच्या काचेच्या केबिनमध्ये बसत आणि तिथून खाली बघत. त्यांनी सुपरवायझरला बोलावले. काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही, पण खाली उतरल्यावर सुपरवायझर तडक माझ्याकडे आला.

"काका, ही जाळी काढा. पत्रा सरकवायला वेळ जातो."

फिटरकाकांनी चिंधीला हात पुसले. "जाळी काढली तर उद्या कुणाचा तरी हात जाईल."

"कशाला अभद्र बोलताय? लक्ष देऊन काम केलं तर काही होत नाही."

"साहेब, चार हजार वेळा लक्ष द्यायचं? तुम्ही एकदा देऊन बघा. मी नाही काढणार."

"मग नका काढू," असे म्हणून सुपरवायझरने त्यांच्याच हातातला पाना घेतला आणि माझे चार बोल्ट सोडवले. जाळी निघाली. मग त्याने उजव्या बटणात तांब्याच्या तारेचा एक तुकडा असा खुपसला की ते कायमचे दाबलेलेच राहील. आता एकट्या डाव्या बटणाने काम भागणार होते. एक हात बटणावर आणि दुसरा हात पोटात, माझ्या आंधळ्या पोटात.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या प्रेसच्या जाळ्याही निघाल्या आणि फिटरकाकांना गोदामात बदलून टाकले. तिथे ते बोल्टांचे ढीग निवडत बसत. माझी जाळी त्याच गोदामात खिळ्याला टांगलेली होती. रोज नजरेसमोर. तरी काका मूग गिळून गप्प बसले. त्यांनाही घर होते, मला कळते. पण कळणे वेगळे आणि पटणे वेगळे.

वर्षभरात मला नवा रंग द्यायचे ठरले. रंगाऱ्याला सांगितले होते, सगळे रंगव. त्या बिचाऱ्याने सगळे रंगवले. माझ्या कपाळावर 'दोन्ही हात वापरा' अशी पाटी होती, तीही रंगाखाली गेली.

मित्रांनो, भीती कशी असते ठाऊक आहे? ती एकदम येत नाही. ती रोज थोडी थोडी साचते. जाळी होती तेव्हा थोरली काम करताना गाणे गुणगुणत असे. आता तिचे ओठ घट्ट मिटलेले असत. सुट्टी झाली की मान वाकडी झालेली, डोळे लाल. एकदा जेवणाच्या सुट्टीत दोघी जावा माझ्या पायथ्याशी बसल्या होत्या. थोरली एकदम म्हणाली, "तुला एक सांगू? हसू नकोस. रोज फाटकाबाहेर पडले की मी बोटं मोजते. दहा भरली की मगच घराकडे वळते."

धाकटी हसली नाही. घास हातातच धरून म्हणाली, "मीपण मोजते, ताई."

त्या दोघी बोटे मोजत होत्या आणि वर काचेच्या आड बिजागऱ्या मोजल्या जात होत्या. सहा वर्षे हे असे चालले. रोज काही झाले नाही, म्हणून सगळ्यांनी धरून चालले की काही होणार नाही. माणसे किती लवकर निर्ढावतात! मी लोखंडाचा असून मला नवल वाटते.

तो दिवस उन्हाळ्याचा होता. पत्र्याचे छप्पर तापले होते. दुपारच्या पाळीची बाई आजारी होती, म्हणून सकाळी सातला आलेल्या थोरलीला थांबवून घेतले. चार वाजले. तिचे पाय सुजलेले मला दिसत होते. तिने सुपरवायझरला हाक मारली, "साहेब, पाच मिनिटं टेकू का जरा? डोळ्यांपुढे काजवे चमकतायत."

"एवढा ढीग संपव, मग बस निवांत."

ती पुन्हा उभी राहिली. एक पत्रा वाकडा बसला. तो सरळ करायला तिने उजवा हात आत घातला. त्याच क्षणी तिचा तोल गेला आणि आधारासाठी डावा हात जिथे टेकला, तिथे बटण होते.

मी थांबू शकलो नाही. माझ्या अंगात जेवढे लोखंड आहे तेवढे सगळे 'थांब' म्हणत होते, असे मला वाटते. पण चाक सुटले होते. माझी जाळी असती तर तो हात आत गेलाच नसता. ते उजवे बटण मोकळे असते तर ठोका पडलाच नसता. तिची तीन बोटे गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

पुढचे तुम्हाला सांगू की नको असा विचार करत होतो. पण सांगतो, कारण माझ्या रागाचे खरे मूळ इथे आहे.

थोरलीला गाडीत घालून नेले. एकाने बादलीभर पाणी आणून मला धुतले. आणि दीड तासाने, मित्रांनो, दीडच तासाने, मला पुन्हा सुरू केले. माझ्यासमोर कुणाला उभे केले असेल? धाकटीला! तिचे मशीन हलक्या कामाचे होते आणि माझ्यावर शिकलेला हात तेवढाच उरला होता.

ती म्हणाली, "साहेब, मला ताईकडे जाऊ द्या."

"तू जाऊन काय करणार? डॉक्टर आहेत ना तिकडे. ऑर्डर उद्या जायची आहे. नसेल जमत तर उद्यापासून येऊ नकोस."

हातावर पोट असलेल्या बाईला ही धमकी. तिने पत्रा उचलला. तिचे हात असे थरथरत होते की पत्रा डायवर टकटक वाजत होता. माझ्या कडेला, जिथे पाणी पोचले नव्हते, तिथे लाल रेघ अजून ओली होती. ती रेघ बघत बघत धाकटीने पाळी संपेपर्यंत ठोके मारले. मी त्या दिवशी दिलेले प्रत्येक पान कुठल्या ना कुठल्या दाराला लागले असेल. देवा, त्या दारांनी तरी कुरकुर करावी!

धाकटीच्या बोटाला ओरखडाही आला नाही. तरी ती त्या दिवशी जायबंदी झाली. घरी भांडे पडले की ती दोन्ही हात काखेत घालून भिंतीला चिकटे. तिची चिमुरडी टाळ्या वाजवून खेळू लागली की तिला दरदरून घाम फुटे. पोरीने कपाटाच्या खणात हात घातला तर ही किंचाळून धावे. हे सगळे ती इतर बायकांना सांगे, तेव्हा मी ऐके. सुपरवायझर जाता जाता म्हणे, "नाटकं आहेत. हात तर शाबूत आहेत की!"

दोन महिन्यांनी थोरली कारखान्यात आली. उजवा हात रुमालात गुंडाळलेला. सुपरवायझरने तिला माझ्याजवळच गाठले. त्याच्या हातात एक टाइप केलेला कागद होता आणि चेहऱ्यावर गूळ.

"ये, ये. बरी दिसतेस. इथे फक्त एक सही कर. म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल."

थोरलीने डावा कान पुढे केला. "काय लिहिलंय त्यात?"

"नेहमीचंच गं. की अपघात झाला, आणि तो कामातल्या निष्काळजीपणामुळे…"

"कुणाच्या?"

त्याने नुसते पेन पुढे केले.

थोरलीने रुमाल सोडला. अख्खी शेड बघत होती. तिने तो हात त्याच्या कागदावर ठेवला.

"सही करायला बोटं लागतात, साहेब. कुठे ठेवलीत ती?"

कुणीतरी एक मशीन बंद केले. मग शेजारचे बंद झाले. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच भर दिवसा शेड शांत झाली. सुपरवायझर कागद घडी करत निघून गेला.

त्याच संध्याकाळी दोघी जावांनी मिळून कामगार खात्याला अर्ज लिहिला. थोरलीने सांगितला, धाकटीने लिहिला. अक्षर वाकडेतिकडे आले, कारण धाकटीचा हात अजून स्थिर नव्हता.

तपासणी येणार ही खबर वर पोचली. मग काय विचारता! एका रात्रीत माझी जाळी गोदामातून आली. तिला ताजा रंग, नवे कोरे बोल्ट. तांब्याची तार उपटून फेकली. कपाळावरची पाटी खरवडून पुन्हा लिहिली. मी आरशात बघितले असते तर स्वतःला नवरदेव समजलो असतो.

निरीक्षकबाई आल्या. ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या, हातात एक वही. मालक स्वतः केबिनमधून खाली उतरले होते. म्हणाले, "बघा ना, जाळी आहे, दोन बटणं आहेत, पाटी आहे. आता माणसानेच हात घातला तर मशीन काय करणार?"

धाकटी गर्दीत मागे उभी होती. ती पुढे आली. हात काखेतच होते. "बाई, ही जाळी काल रात्री बसवली."

"ती जरा आजारी आहे," मालक घाईने म्हणाले. "मनाने."

निरीक्षकबाईंनी मालकांकडे बघितलेही नाही. त्या माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी डावे बटण दाबले. ते लोण्यासारखे आत गेले. मग उजवे दाबले. मित्रांनो, सहा वर्षे ते बटण हललेच नव्हते. त्याच्या मानेला गंज चढला होता. त्यावर वरवर रंग फासला होता, एवढेच. ते कर्र् करून आत गेले आणि तिथेच अडकले. बाहेर येईना. बाईंनी नखाने रंग खरवडला. बोटाला तांबूस पूड लागली. ती त्यांनी मालकांसमोर धरली.

"दिवसाला चार हजार वेळा दाबलेलं बटण आहे ना हे?"

तेवढ्यात मागून आवाज आला. फिटरकाका गोदामाच्या दारात उभे होते.

"सहा वर्षांपूर्वी काढली जाळी. माझ्या पान्याने. मी तिथेच उभा होतो." त्यांनी खिशातल्या चिंधीला हात पुसले. "उभाच राहिलो फक्त."

निरीक्षकबाईंनी सगळे लिहून घेतले आणि मला कुलूप ठोकले.

पुढे काय झाले? कागद हलले, आदेश निघाला. शेडमधल्या नऊच्या नऊ प्रेसना जाळ्या लागल्या. सुपरवायझरला घरी बसवले. मालक म्हणाले, "मला यातलं काही माहीतच नव्हतं." काचेची केबिन कशाला असते मग, उन्हासाठी? थोरलीला भरपाई मिळाली. या शब्दाची मला चीड येते. काय भरले? ती आता डाव्या हाताने लिहायला शिकते आहे. मुलीच्या फ्रॉकची बटणे तिला लावता येत नाहीत, उलट मुलगीच तिच्या बाहीची बटणे लावून देते. धाकटी शेडमध्ये पाऊल ठेवत नाही. ती पलीकडे खोकी भरते आणि आठवड्यातून एकदा मनाच्या डॉक्टरांकडे जाते. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. किती, ते त्यांनी सांगितले नाही.

आणि मी? नवी जाळी लावून मीही आणखी वीस वर्षे चाललो असतो. पण मालकांनी जाहीर केले की हे मशीनच अवलक्षणी आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला उखडून या मागच्या अंगणात आणून टाकले. फिटरकाका निवृत्त झाले त्या दिवशी इथे येऊन गेले. माझ्या अंगावर तळवा ठेवून म्हणाले, "चुकलं माझं." मी माफ केले नाही. थोरलीने केले की नाही, मला माहीत नाही. तो तिचा हक्क आहे, माझा नाही.

मित्रांनो, शाळेच्या निबंधांतली जुनी मशीने शेवटी सांगतात, आम्हाला तेलपाणी करा, आम्हाला टाकू नका. मला तसले काही मागायचे नाही. मला गंजू दे. मागणे आहे ते वेगळे. उद्या तुमच्यातले कुणी मालक होईल, कुणी सुपरवायझर. काम लवकर व्हावे म्हणून एखादी जाळी काढायला तुमचा हात शिवशिवेल. तेव्हा तोच हात आधी त्या मशीनच्या पोटात घालून उभे राहा, आणि मग ठरवा.

ते पुढचे झाले. आज एवढेच करा. तुमची आई, बाबा, काका, मावशी, जे कुणी कामावरून घरी येईल, त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घ्या. आणि विचारा, "तुमच्या कामाला जाळी आहे का? तुम्हाला भीती वाटते का?" ते हसतील, विषय बदलतील, जेवायला चल म्हणतील.

खरे उत्तर मिळेपर्यंत ते हात सोडू नका.